दोन बारांची हळद

शनिवारी हिंगोलीतल्या एका कॉलेजात मी भर हॉलमध्ये भांडायला उठणार होते. उठलेही… पण भांडायला नाही.

निमित्त होतं विद्यापीठाच्या संशोधन महोत्सवाच्या जिल्हा फेरीचं. मुलांनी एकेक करून पोस्टरसमोर उभं राहायचं, आपलं काम परीक्षकांना समजावून सांगायचं. प्रत्येक गटातून एकच प्रकल्प पुढे विद्यापीठात जाणार.

माझी पल्लवी त्यात होती. माझी म्हणजे कुरुंदा गावची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, दर रविवारी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी.

तिचा विषय मला फार आवडला होता. हळद शिजवणाऱ्या बायका घड्याळ न बघता हळद झाली हे कसं ओळखतात? त्यासाठी ही पोरगी सगळा हंगाम मावशीच्या शेतात, कढईशेजारी धूर खात, मोबाइलवर वेळ लावून बसली होती.

पण नियम असा की पोस्टर इंग्रजीतच हवं. परीक्षक मराठी, मुलं मराठी, हळद तर अस्सल मराठी… पोस्टर मात्र इंग्रजी! हा नियम ज्यांनी काढला त्यांचं स्वतःचं इंग्रजी मी निमंत्रणपत्रिकेवर वाचलंय. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तर पल्लवीच्या वहीवरून पोस्टरचा मजकूर मी इंग्रजीत करून दिला; फोटो तिने नंतर चिकटवले. मी कॉन्व्हेंटची, त्यात निवृत्त होईपर्यंत कॉलेजात इंग्रजी शिकवलेली… एका बैठकीत भाषांतर उरकलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

शनिवारी दुसऱ्या रांगेत मी आणि माझ्या शेजारी पल्लवीची मावशी, गयाबाई. नवं लुगडं, कमरेला तंबाखूची चंची खोचलेली. भाचीकडे अशा बघत होत्या, जणू तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

पल्लवी बरी बोलत होती. मग परीक्षक सरांनी पोस्टरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, दोन बार प्रेशरला हळद शिजते. खाली फोटोत उघडी कढई आहे. उघड्या कढईत प्रेशर कुठून आलं?"

पल्लवी ती ओळ पुन्हा वाचू लागली.

"कुठल्या स्टीम कुकरच्या माहितीतून उचललं? कॉपी करताना निदान फोटो तरी बदलायचा!"

मागून हसू आलं. माझं डोकंच सणकलं… सगळा हंगाम धुरात बसलेल्या मुलीला हा माणूस चोर म्हणतो? मी पर्स खाली ठेवली. आता याला सोडत नाही, असं ठरवलंच होतं, तेवढ्यात गयाबाईंनी माझा हात धरला.

"मॅडम, सायेब काहून चिडून राहिले?"

मी हळूच सांगितलं की बार म्हणजे वाफेचा दाब मोजायचं माप, आणि सर विचारताहेत की उघड्या कढईत दाब आला कसा.

"कशाचा दाब? तंबाखूचा बार वं मॅडम!" गयाबाईंनी चंचीवर हात मारला. "कढई उकळली का बार भरायचा. त्यो थुकला का दुसरा. दुसरा थुकला का हळद झाली. मीच सांगितलं पल्लीला."

मी पर्स पुन्हा उचलून मांडीवर घेतली.

वहीत 'दोन बारात हळद शिजते' एवढंच होतं. कुरुंद्याकडे आता हळद शिजवायला जिथे तिथे वाफेचे कुकर, त्यांना दाबाचे काटे… म्हणून 'प्रेशर' मी माझ्या पदरचं जोडलं. ना फोटो पाहिला, ना पोरीला विचारलं. पोस्टरवरच्या तक्त्यातली मिनिटं म्हणजे बायकांचे बार घड्याळाशी किती जुळतात, हेच तर तिचं संशोधन होतं! माझ्या एका शब्दाने ते पुसून टाकलं होतं.

सरांनी पेन उघडलं. "बोल, कुणी लिहून दिलं?"

पल्लवीने एकदाच माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "मीच लिहिलं सर."

हॉलमध्ये माझे कितीतरी जुने विद्यार्थी होते, काही आता स्वतः प्राध्यापक. त्यांच्या वह्यांवर मी लाल शाई सांडत आले. गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं… हा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू. आला आणि चांगला रेंगाळला.

मग उठले. "सर, भाषांतर माझं आहे. चूकही माझी. तो तंबाखूचा बार आहे."

मग गयाबाईंनी पुरावा म्हणून चंची उंच धरली आणि हॉल हसून लोटपोट झाला.

सर मात्र हसले नाहीत. मूळ मराठी वही मागून घेतली, उभ्याउभ्या पानं चाळली. "प्रत्येक बाईचा बार सारखाच टिकतो का?"

"न्हाई सर." पल्लवीचा आवाज आत्ता कुठे मोकळा झाला. "मावशीचा लई टिकतो. म्हणून मी तिघींचा वेगवेगळा मोजला. पुढच्या पानावर आहे बघा."

तिची निवड झाली. पोस्टर दुरुस्त करून आणायचं, या अटीवर.

बाहेर आल्यावर मी तिलाच रागावले, सवयच तशी! एवढी ढळढळीत चूक तुला दिसली नव्हती का?

"दिसली व्हती मॅडम. पण तुमी लिहिलं म्हणल्यावर… वाटलं, इंग्रजीत असंच म्हणत असतील."

सरांचा टोमणा मी विसरेन, हे नाही विसरणार. माझ्या वर्गात कुणी मला उलट विचारायचं नाही, याचा मला केवढा अभिमान होता…

काल रविवारी नवं पोस्टर करायला बसलो. पहिल्याच ओळीवर तिने बोट ठेवलं. "मॅडम, हे असं काहून?"

या 'काहून'वर मी आयुष्यभर लाल रेघ मारत आले. काल मात्र पेन बाजूला ठेवलं आणि तिला उत्तर दिलं.