तात्या परत येईपर्यंत

आमची जीप गावात शिरली आणि बघता बघता गावातले सगळे म्हातारे गायब झाले…

१९७६ चा डिसेंबर. म्हसवडच्या अलीकडचं एक लहानसं गाव. मी तेव्हा बावीस वर्षांची, सांगलीतल्या एका धर्मादाय ट्रस्टमध्ये नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झालेले. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं काढलेला ट्रस्ट… म्हाताऱ्या माणसांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट करायचा. जीपनं न्यायचं, आठ दिवस ठेवून घ्यायचं, जीपनंच घरी सोडायचं.

पण साल आणीबाणीचं. जीप येते, पुरुषांना धरून नेते आणि नसबंदी करून सोडते, ही बातमी गावोगाव पोचलेली. आमच्या जीपवर ट्रस्टचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, पण ते वाचायला थांबतंय कोण… सत्तरीचे म्हातारे ज्वारीच्या रानात जाऊन बसले होते.

मी वही घेऊन दारोदार फिरले. फुकट कशाला करता, तुम्हाला यातून काय मिळतं, वय लिहून कुणाला देणार… सगळीकडे हेच प्रश्न. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मीही हेच विचारलं असतं.

शेवटी तात्या पुढे आले. पलटणीतून रिटायर झालेले, दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. लष्कराचा दवाखाना त्यांनी पाहिला होता, म्हणून तयार झाले. त्यांच्या मागोमाग आणखी तिघं. जीप सुटणार, एवढ्यात त्यांची बायको हौसाआक्का पुढ्यात येऊन उभी राहिली.

“आमची मानसं माघारी येईस्तवर ही पोरगी हितं ऱ्हाईल,” ती म्हणाली.

जीपमधून आलेल्या आमच्या डॉक्टरांनी खूप समजावलं. आक्का ढिम्म. मग मीच म्हणाले, राहते. शूरपणा वगैरे काही नव्हता… मी नाही म्हटलं असतं तर चौघंही उतरून गेले असते. माझ्या घरी निरोप द्या, एवढं सांगितलं आणि जीप गेली.

आक्कानं पहिलं काम काय केलं, तर माझ्या चपला आत नेऊन ठेवल्या.

दिवसभर ती उंबऱ्यात बसायची. जरा वेळ गेला की हाक… “हायेस का गं?” मी म्हणायचे, आहे. पिशवीत काय, कागदावर शिक्का कुणाचा, डॉक्टर कुठला, चौकशी संपायची नाही. जेवायला मात्र पहिली भाकरी मला. पण सतत कुणीतरी पाळत ठेवतंय, याचा मला वैताग यायला लागला.

चौथ्या दिवशी दुपारी मी अंगणात मटकी निवडत बसले होते. आक्कानं हाक मारली आणि मी मुद्दाम ओ दिली नाही. तिनं परत हाक मारली… परसदाराकडे तोंड करून. मी तिच्या समोर, दोन हातांवर, लख्ख उन्हात बसले होते! ती घाबरून उठली आणि भिंत चाचपत आत गेली.

मला राखत बसलेल्या बाईला मी दिसतच नव्हते. कुठल्याही दिवशी अनवाणी निघून मी म्हसवडची एस.टी. धरू शकले असते…

मी आत जाऊन तिचा हात धरला आणि विचारलं, आक्का, किती दिवस झाले? ती म्हणाली, कुणाला सांगू नको, तात्यालासुद्धा ठाऊक नाही. दोन वर्षं ती बोटांनी चाचपून स्वयंपाक करत होती, पावलं मोजून विहिरीवर जात होती. मी विचारलं, मग जीप आली तेव्हा का नाही सांगितलंत?

“तुज्या वहीत एका तरी बाईचं नाव हाय का?”

मी वही उघडली. चार नावं, चारही पुरुषांची. मी प्रत्येक दारात कर्त्या पुरुषाला विचारलं होतं आणि तो सांगेल ते लिहून घेतलं होतं. घरातल्या म्हातारीला विचारायचं मला सुचलंच नव्हतं…

आठवा दिवस उजाडला. जीप आली नाही. संध्याकाळी गावातली माणसं आक्काच्या दारात जमली, माझ्याशी कुणी बोलेना. आणि मलाही शंका येऊ लागली… दवाखान्यांवर नसबंदीच्या सरकारी आकड्यांचा दबाव आहे, असं मी ऐकलं होतं. आमच्या डॉक्टरांनी मान तुकवली असेल तर? ज्या माणसांच्या पगारावर मी जगत होते, त्यांच्याबद्दल मनात असं आलं, हे मी पुढे कुणालाच सांगितलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी जीप आली. एकाला ताप भरला होता म्हणून सगळ्यांनाच एक दिवस ठेवून घेतलं होतं. गावकऱ्यांनी आधी तात्यांना गोठ्यात नेलं आणि तपासून खात्री करून घेतली. मगच हसू फुटलं.

तात्या जाड भिंगाचा चष्मा सावरत आक्काजवळ आले. आक्कानं नको म्हटलं होतं, तरी मी तिच्या डोळ्यांचं सगळं त्यांना सांगून टाकलं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिचं लुगडं पिशवीत भरलं आणि तिला जीपमध्ये बसवलं. तिच्या मागे गावातल्या आणखी पाच बायका चढल्या…

सांगलीत पट्टी सुटली त्या दिवशी मी तिच्या खाटेशी होते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “लय किडकिडीत हाईस गं. मला वाटलं, चांगली दांडगी असशील.”

आक्कानं माझ्यावर संशय घेतला, याचा मला नंतर कधीच राग आला नाही. तो घेतला म्हणून मी त्या घरात राहिले, आणि राहिले म्हणून मला ती दिसली. पुढे तीस वर्षं हेच काम केलं… प्रत्येक दारात आधी घरातल्या म्हातारीला बाहेर बोलवायचं. ही शिकवण तिची.