केळुसकरांची एक नोंद

केळुसकर गेल्याचं मला कॉलेजच्या शिपायानं सांगितलं. "मॅडम, डोंबिवलीहून फोन होता. ते फ्लॉपीवाले साहेब गेले सकाळी." मी प्रयोगशाळेत मुलांपुढे उभी होते. हो म्हटलं, आणि फळ्यावरचं अर्धवट वाक्य पूर्ण केलं... कोणतं वाक्य, ते आठवत नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

मोरेश्वर केळुसकर कल्याणच्या एका कारखान्यात संगणक विभागात होते. ती नोकरी. पण त्यांचा जीव होता त्यांनी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामात. फायलींच्या अलीकडच्या प्रती ठेवायच्या, फार जुन्या पुसायच्या, एवढंच तो करी. मूळ मजकुरासकट तो त्यांनी सगळ्यांना फुकट देऊन टाकला होता. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. कुठकुठल्या देशांतली माणसं तो वापरत आणि अडलं की केळुसकरांना ई-मेल करत. तो ज्यावर चाले ती युनिक्स प्रणाली म्हणायला एक, पण प्रत्येक कंपनीच्या मशीनवर तिची तऱ्हा निराळी. "एका घरातल्या सुना हो, पण प्रत्येकीचं माहेर वेगळं," असं ते म्हणायचे.

म्हणून त्यांचा एक नेम होता. प्रोग्रामातली एक ओळ बदलली तरी तीन मशीनांवर पूर्ण चाचणी घ्यायची: कारखान्यातलं, डोंबिवलीला घरी जोडलेलं आणि ठाण्याचं आमच्या कॉलेजातलं. प्रत्येक चाचणीचा छापील कागद, खाली तपासणाऱ्याची सही. तिन्ही कागद एकत्र टाचल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नसे. ठाण्याचं काम माझ्याकडे होतं. ते कुरियरनं फ्लॉपी पाठवत, मी पोस्टानं कागद. "बाई, तुमचं मशीन फार सोवळ्यातलं. त्यानं पास केलं की मी निर्धास्त." मी वयानं बरीच लहान, तरी ते मला बाईच म्हणत.

आमच्या मशीनवर चाचणीला दीड तास लागे आणि तेवढा वेळ ते दुसऱ्या कोणाला देता येत नसे. एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा चालू असतानाच फ्लॉपी आली. बदल किरकोळ दिसला. तारीख वाचण्याची एक ओळ. मी चाचणी घेतलीच नाही. मागच्या वेळचा निकाल मशीनवर होता. त्यातली तारीख आणि आवृत्तीचा आकडा बदलला, छापला, खाली सही केली. पाच मिनिटांचं काम.

आमच्यासारख्या मशीनवर ती ओळ तारखा उलट्या वाचत होती. नवं ते जुनं समजून पुसलं जात होतं. दूरच्या एका विद्यापीठातल्या मुलाचं प्रबंधाचं वर्षभराचं लिखाण गेलं. त्याचं पत्र आल्यावर केळुसकरांनी दोन दिवसांत दुरुस्ती पाठवली. प्रोग्रामबरोबर बदलांची एक यादी जाते. कोणी काय बदललं आणि का, ते तिच्यात सगळ्यांना वाचता येतं. तिथे त्यांनी इंग्रजीत नोंद केली, तिचा अर्थ असा: ठाण्याची चाचणी मी नीट घेतली नाही. चूक माझी.

मला ते काही बोलले नाहीत. फक्त फ्लॉपी येणं बंद झालं. त्यानंतर ते स्वतः यायचे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कल्याणहून एसटीनं ठाण्याच्या खोपट स्थानकात उतरून, तिथून चालत. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. दारातल्या खुर्चीची पाठ धरून थोडा वेळ उभे राहत. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे मला उशिरा कळलं. चाचणी चालू असेतो पडद्यासमोरून हलत नसत. दर वेळी मी ठरवायची, आज सांगायचं... शेवटच्या भेटीत सुरुवातही केली. "केळुसकर, तो परीक्षेच्या दिवसांतला कागद..."

"बाई, चहात साखर घालायला सांगा हो. घरी शरयूनं बंद केलीय. आणि तिच्याजवळ बोलू नका, नाहीतर माझं ठाणंही बंद होईल."

मी हसले, साखर सांगायला उठले. परत आले तोवर चाचणी संपली होती.

तेराव्यानंतर शरयूवहिनींनी त्यांची फाइल माझ्या हातात दिली. "तुम्हालाच द्यायला सांगून ठेवलं होतं. म्हणाले, बाई बघतील." फाइलमध्ये माझा तो कागद होता, आणि त्याच्याशी टाचलेला त्याच्या आधीचा. दोन्हींवर चाचणीला लागलेला वेळ पेन्सिलीनं गोलात घेतला होता. सेकंदापर्यंत सारखा. दोन खऱ्या चाचण्यांना सेकंदापर्यंत सारखा वेळ लागत नाही, हे मी मुलांना शिकवते. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

त्यांना ई-मेलनं पत्रं अजून येतात, त्यांचं खातं आता मीच उघडते. एकानं नव्या प्रकारच्या युनिक्सवरची अडचण कळवली होती. मी ती सोडवली आणि तिन्ही मशीनांवर चाचणी घेतली. डोंबिवलीला वहिनी दाराशी पाट घेऊन बसल्या होत्या. "पास झालं का?" त्यांनी विचारलं. झालं म्हटल्यावर म्हणाल्या, "मग लगेच बंद करू नका. त्याचा आवाज असला की ते आतच बसलेत असं वाटतं."

बदलांच्या यादीतली केळुसकरांची नोंद मी तशीच ठेवली. तिच्याखाली माझी लिहिली: ही चूक केळुसकरांची नव्हे. चाचणी घेतलीच गेली नव्हती. खोटा कागद मी दिला होता. केळुसकर आता हयात नाहीत. खाली माझं पूर्ण नाव.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्यानं यादी वरपासून खालपर्यंत वाचली होती. एकाच चुकीखाली दोन माणसं कशी, असं त्यानं विचारलं होतं. पुढच्या आवृत्तीत खरी तेवढी नोंद ठेवावी, खोटी काढून टाकावी. त्याचं म्हणणं रास्त होतं. पण खोटी नोंद ती केळुसकरांची, आणि त्यांनी लिहिलेली दुसरी एकही खोटी ओळ मला आजवर सापडलेली नाही. मी दोन दिवस विचार केला. मग उत्तर पाठवलं: दोन्ही राहतील.

पाठवल्यावर लक्षात आलं, उत्तर त्यांच्याच खात्यातून गेलं होतं. ते खातं बंद करायचं माझ्याकडून राहिलंय... पत्राच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचं नाव आपोआप पडलं होतं, मोरेश्वर केळुसकर.