चाचणीपुरती नोंद

निवड सगळेच करतात, पण निवडण्याचं सुख माझ्या साडूंइतकं मनमुराद लुटलेला माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. मिरच्या घ्यायला त्यांच्यासोबत कळमन्याच्या बाजारात गेलात, तर अर्धा दिवस गेला समजा. भिवापुरी मिरचीच्या पोत्यात ते कोपरापर्यंत हात घालतात, तळातली एक काढतात, तोडून जिभेवर ठेवतात आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना शांतपणे पुढच्या पोत्याकडे वळतात. "वरचं तं सगळेच चांगलं ठेवतात गा," म्हणतात, "माल पाहाचा तो तळातला." त्यांना येताना पाहिलं की दुकानदार आधी चहा सांगतो, कारण हा माणूस काही लवकर हलत नाही हे त्याला अनुभवानं ठाऊक आहे.

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर हाच हात त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातला. त्यांना नोंदी टिपून ठेवायला सॉफ्टवेअर हवं होतं. साडू विणकराच्या घरचे. वडील गेले, माग मोडीत निघाले, आणि लुगड्यांचे जुने काठ कसे विणायचे हे तोंडपाठ असलेला एकच माणूस घराण्यात उरला: उमरेडचे त्यांचे काका, तेही नव्वदीला टेकलेले. काकांकडून एकेक काठ विचारून घ्यायचा आणि नातवंडांनाही सापडेल असा लावून ठेवायचा, हा साडूंचा बेत. माझी मेहुणी म्हणाली, "मंग उमरेडले जा ना. इथं बसून काय करून राहिले?" साडू म्हणाले, "आधी भांडं तं पाहू दे वं. दूध आणून ओतू कशात?"

हे भांडं पाहणं काही वर्षं चाललं. एक सॉफ्टवेअर भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्यासारखं होतं, एकाला झाडासारख्या फांद्या फुटायच्या, एक सगळ्या नोंदी दोऱ्यांनी जोडून कोळ्याचं जाळं दाखवायचं. त्या जाळ्यावर साडू आठवडाभर इतके खूश होते की मेहुणीला झाडू हातात घेऊनच खोलीत यावं लागलं. प्रत्येक सॉफ्टवेअरची परीक्षा मात्र एकच. आधी नेट बंद करायचं आणि उघडतं का पाहायचं. मग आत टाकलेलं सगळं जसंच्या तसं बाहेर काढायचं. "पोरगी द्यायच्या आधी पाहून घ्यावं, माहेरी परत येऊ देतात का नाही," हे त्यांचं तत्त्व. आम्ही हसायचो. पण मी हौसेनं धरलेलं एक सॉफ्टवेअर कंपनीनं एका सकाळी गुंडाळलं, माझ्या नोंदी त्यात कायमच्या अडकल्या, तेव्हा मला साडूंची आठवण झाली. त्यांनी ते पहिल्याच दिवशी नापास केलं होतं. मला एका शब्दानं टोचलं नाही, उलट दुपारभर माझ्या लॅपटॉपशी झटत बसले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परीक्षेचा शेवटचा पेपर म्हणजे एक खरी नोंद करून पाहणं, आणि ती नोंद ठरलेली: करवती काठ, करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला. जुन्यातली उचलून नव्यात टाकणं त्यांना मंजूर नव्हतं. "शिळ्या पोळीनं नवा तवा कसा आहे ते कळते का गा?" म्हणजे दर नव्या सॉफ्टवेअरला उमरेडला फोन. स्पीकर चालू, साडू कीबोर्डवर बोटं ठेवून तयार.

"करवती तं तुले मागच्या खेपेलेच सांगतली होती ना रे? हरवली का?" काका विचारायचे.

"हरवली नाही काका. नवं भांडं आणलं, त्यात पाहून राहिलो."

"बरं मंग. लिही."

काका सांगायचे, हे अक्षरन्‌अक्षर टिपायचे. मी दोन-तीनदा तिथं होतो. मेहुणी स्वयंपाकघरातून ओरडायची, "दुसरा काठ विचारा ना! काहून एकच विचारता?" साडू हातानंच थांब म्हणायचे. बाकीचे काठ विचारायचे ते भांडं पक्कं ठरल्यावरच.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. बाकीचे काठ त्यांच्यासोबत गेले. मला फार वाईट वाटलं. एवढा नेटका माणूस, आणि हाती काय लागलं, तर चाचणीपुरती केलेली नोंद.

तेराव्यानंतर मी गेलो तेव्हा साडू कॉम्प्युटरपाशी होते. सगळ्या सॉफ्टवेअरमधली करवती त्यांनी बाहेर काढून एका ठिकाणी ओतली होती. एकही अक्षर गळलं नव्हतं. परीक्षाच तशी घेतली होती ना. पडद्यावर प्रश्न आला होता: या नोंदी सारख्याच दिसतात, एकत्र करायच्या का? साडूंनी 'नाही' दाबलं आणि मला म्हणाले, "वाच."

पहिल्या नोंदीत नुसतं विणकाम होतं: आडवा धागा नेणारे तीन धोटे, दोन दोन्ही काठांचे, एक मधल्या अंगाचा. दुसरीत काकू होत्या. सुताच्या कांड्या भरता भरता गप्पांत रंग चुकवायच्या आणि बोलणी काका खायचे. आणखी एकीत काकांची पहिली करवती होती. एका बाजूचे दाते बारीक आले म्हणून बाजारात गेली नाही, बहिणीनं ती लग्नात नेसली आणि चूक कोणाला दिसू नये म्हणून दिवसभर ती बाजू मुठीत धरून बसली. एकीत काका मधेच हसत सुटले होते, आणि साडूंनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'इथं काका हसले.' काठ एकच. सांगणं दरवेळी वेगळं.

मी चष्मा पुसला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भाऊजी, एक नवीन सॉफ्टवेअर आलंय म्हणे. चांगलं आहे."

"येऊ दे," साडू म्हणाले. सवयीनं त्यांचा हात मोबाइलकडे गेला होता, तो तिथंच थांबला. "पण आता तपासाले फोन कोणाले लावू, सांग."