न काढलेला दात

इराणमधल्या यझ्दच्या जुन्या घरांत अजूनही लग्नाआधी लव काढायला मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दोरा फिरतो. त्या मोहल्ल्यात तो दोरा तुरानखानमच्या हातचाच असायचा. एक टोक दातांत, बाकीचा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि मान अशी सफाईने मागेपुढे व्हायची की मुलीने ओरडायला तोंड उघडेपर्यंत अर्धा गाल साफ. तुरान दोरा खालच्या पुढच्या दातांत धरायची. ते चार दात एकमेकांच्या अंगावर रेलले होते आणि त्यातला एक तर रांग सोडून पुढेच आला होता. दोरा त्याच्या खाचेत घट्ट बसायचा. त्यामुळे त्या वाकडोबाबद्दल तिची कधीच तक्रार नव्हती.

पन्नाशी उलटली आणि त्या दाताची हिरडी उतरायला लागली. ब्रश पोचत नव्हता, सकाळ-संध्याकाळ रक्त यायचं. दातांच्या पहिल्या डॉक्टरने फोटो न काढताच सांगितलं, "हा काढून टाकू, बाकीच्यांना जागा होईल." भाड्याने राहणाऱ्याला घर खाली करायला सांगावं तशा सुरात. तुरान खुर्चीवरून उठली, डोक्यावरून घेतलेली चादर सावरली आणि बाहेर पडली.

दुसरी डॉक्टर मेहरी तरुण होती, पण तिने आधी साचा घेतला, फोटो काढले, मग तोंड उघडलं. "एकही दात काढायला नको, खानम. पुढच्या दातांच्या कडा केसभर घासू, जागा होईल. मग तार लावून रांगेत आणू. वर्षभर कळ काढावी लागेल."

तुरानने कळ काढली. पण तार लावल्याचं कुणाला सांगितलं नाही. या वयात तोंडात शाळकरी पोरीसारखी तार, लोक काय काय बोलतील ते तिला ऐकू यायला लागलं होतं. हसताना ती पदर धरावा तशी चादर तोंडावर धरायची. गिऱ्हाइकं डोळे मिटून पडलेली असायची, त्यांना काय दिसणार? आणि काम जुन्याच पद्धतीने चाललं होतं, म्हणजे दोरा दातांत. दोरा तारेखाली शिरायचा, हिसका बसायचा आणि दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट सुटायचं. नेमकं त्याच दाताचं.

"तुम्ही दातांनी भोपळ्याच्या बिया फोडता," मेहरी म्हणाली.

"देवाशपथ नाही."

"मग काय करता ते तुम्हालाच ठाऊक. पण हे असंच चाललं तर दात हलायचा नाही, आणि हिरडी आणखी उतरली तर तो मलाही वाचवता येणार नाही."

त्या दिवसापासून तुरान दोऱ्याचं टोक गळ्यात बांधायला लागली. नवशिक्या पोरी बांधतात तसं. हात अडखळायचा, मान लाल व्हायची आणि स्वतःचीच लाज वाटायची.

अशात भाची गोलअंदामचं लग्न ठरलं. भावाची एकुलती एक मुलगी, तुरानच्या मांडीवर वाढलेली. दोऱ्याच्या दिवशी दिवाणखाना बायकांनी भरून गेला. साखरेत घोळलेल्या बदामांची नुक्कल उधळली गेली, डफ वाजला, आणि मधोमध नवरी मान वर करून बसली. सगळ्यांचे डोळे तुरानवर.

तिने दोरा ओढून घेतला आणि ओठांपर्यंत नेला. एकदाच, तिच्या मनात आलं, एका चेहऱ्यापुरतं. मग तिचा हात खाली आला. तिने दोऱ्याला गाठ मारली आणि तो गळ्यात घातला.

"अगं बाई, वन्सं!" भावजय अस्मत मोठ्याने म्हणाली. "माझ्या लेकीलाच हे पार्लरातलं काम? दात पडले की काय तुमचे?"

बायका हसल्या. तुरानने या वेळी चादर तोंडावर धरली नाही, खालचा ओठ बोटाने ओढून दाखवला. तार चकाकली.

डफ थांबला. एक म्हातारी चष्मा लावून पुढे सरकली. अस्मतने मात्र गालावर हात ठेवला. "या वयात? शिराझला पळालेल्या नवऱ्याला परत बोलवायचंय, का दुसरा बघताय?"

आता मात्र कुणी हसलं नाही. तुरानचा चेहरा पेटला. इतक्या वर्षांत हे तोंडावर कुणी बोललं नव्हतं, आणि बोलली ती घरातलीच. आवाज मात्र साधाच निघाला.

"नवरा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, वहिनी. दात काढायचं मात्र माझ्यासमोर बोलले. मी नाही म्हणाले."

अस्मतचा हात गालावरून खाली आला. तिने उगाच नुक्कलची थाळी सरळ केली.

"ओढ ना, आत्या," गोलअंदाम म्हणाली आणि तिने डोळे मिटून गाल पुढे केला.

तुरानने मान मागे घेतली आणि दोरा गालावरून सरकला.