स्तामेनच्या बरणीतला धूर

स्तामेन माझ्या गॅरेजात अकरा वर्षं होता आणि अकरा वर्षांत मी त्याला एकदाही शाबास म्हटलं नाही. माझी जीभच तिखट. आमच्या आसेनोव्ग्राद गावात कुणालाही विचारा, निकोलाच्या तोंडून कौतुक ऐकायला नशीब लागतं म्हणतील.

तो माणसांशी कमी आणि इंजिनांशी जास्त बोलायचा. त्या हिवाळ्यात मेहुणा त्याला जर्मनीला बोलावत होता आणि त्याचं जाऊ की राहू चाललं होतं. त्याची बायको मुद्दाम येऊन मला म्हणाली, तुम्ही दोन शब्द बरे बोललात तर तो कुठं जायचा नाही. मी म्हटलं, बघू.

डिसेंबरच्या मध्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई कालिना यांची गाडी आमच्याकडून दुरुस्त होऊन गेली ती आठवड्याभरात परत आली. उभ्या उभ्या इंजिन आचके देत होतं. कुठून तरी हवा ओढतंय हे दिसत होतं, पण जागा सापडेना. दोन दिवस आम्ही डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी स्तामेन घरून लोणच्याची काचेची बरणी घेऊन आला. झाकणात जुन्या ट्रॅक्टरचा हीटर प्लग बसवला, आत बाळाच्या मालिशचं तेल ओतलं, माशांच्या टाकीचा पंप जोडला आणि नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेत खुपसली. प्लग तापला तसा तेलाचा पांढरा धूर झाला. मी म्हटलं, धूप झाला, आता पाद्रीबाबांनी प्रार्थनाही म्हणावी. तो हसला बिचारा.

धूर एका सांध्यातून बाहेर आला, म्हणजे हवा तिथूनच ओढली जात होती, आणि माझं हसू तिथंच विरलं. त्या बोल्टांवर लाल ठिपके होते. आमच्याकडे बोल्ट पक्का आवळला की आवळणारा आपल्या रंगाचा ठिपका देतो. स्तामेनचा पांढरा, माझा लाल. सेंट निकोलसच्या दिवशी, म्हणजे माझ्या नावाच्या सणाला, हे काम मीच घेतलं होतं. सणाला आमंत्रण लागत नाही, पाहुणे दारात, भट्टीत कार्प मासा, बायकोच्या हाका. आवळतो नंतर, म्हणून मी ठिपके आधीच देऊन टाकले, आणि ते नंतर राहूनच गेलं.

बाई शेजारीच उभ्या होत्या. हे कुणी केलं, म्हणून त्यांनी विचारलं.

"स्तामेन, किती वेळा सांगितलं तुला, पाना शेवटपर्यंत फिरवत जा," मी म्हणालो.

त्याने ठिपक्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "चुकलं बाई," म्हणाला, आणि बोल्ट आवळायला वाकला.

तेव्हाच माझी जीभ का झडली नाही! उद्या सांगू म्हटलं. उद्या गिऱ्हाइकं आली, मग नाताळ आला. घरी बायकोला सांगितलं होतं, तिने दोनदा टोकलं, तर मालक मी आहे म्हणून तिच्यावरच खेकसलो. रोज तो समोर काम करायचा, आणि पोटातलं काही ओठांवर येईना. नव्या वर्षात तो निरोप घ्यायला आला, तर मी म्हणालो, जा बाबा, सुखी राहा. एवढंच.

ईस्टरला न राहवून फोन केला.

"स्तामेन, ते बोल्ट माझे होते रे."

"ठाऊक आहे उस्ताद," तो म्हणाला. "तिकीट मी नाताळनंतर काढलं. तोवर तुमची वाट बघत होतो."