आबा सिनेमा ऐकतात

सिनेमा बघणारे जगात कोट्यवधी असतील, पण पडद्याकडं पाठ करून बसणारा प्रेक्षक एकच, आणि तो आमच्या वाट्याला आलाय, तो म्हणजे माझे चुलत सासरे. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. भवानीनगरच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला. यंत्राच्या नुसत्या घरघरीवरून आज पाळीवर कोण आहे, ते घरात जेवता जेवता सांगायचे. निवृत्त झाल्यावर तोच कान त्यांनी सिनेमाला लावला. टीव्ही सुरू झाला की आबा खुर्ची भिंतीकडं फिरवतात आणि मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसतात. "चित्र काय, कॅमेरावाला काढतोय. पिच्चर कुणाचा, ते माणसं कुठं गप बसत्यात त्यावरनं कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा बारामतीच्या थिएटरात डोळे मिटून बसले, तर डोअरकीपरनं हलवून विचारलं, "आबा, झोपायला तिकीट काढलं व्हय?" त्यावर आबांनी त्यालाच झापलं, कारण ऐन मोक्याची शांतता त्यानं नासवली होती. वैताग असा की, या माणसाचा अंदाज चुकत नाही. सिनेमा अर्ध्यातून लावला तरी शेंग तोंडात टाकून म्हणतात, "त्या मागच्या विहिरीच्या पिच्चरवाल्याचाच ह्यो. ह्याची बाई भांडं खाली ठिवल्याबिगर उत्तर देत न्हाय." शेवटी नावं येतात आणि आम्ही ती मुकाट्यानं वाचतो.

त्यामुळं माझी लेक आपला पहिला, बारा मिनिटांचा सिनेमा घेऊन पुण्याहून आली, तेव्हा तिला धास्ती होती ती आबांचीच. "आबा नाही म्हणाले तर सोडून देईन गं हे सगळं," ती मला म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती. सिनेमात एक मुलगी बापाकडं शहरात जायची परवानगी मागते आणि चहा गाळायला वळते, एवढीच गोष्ट. संपल्यावर घरानं टाळ्या वाजवल्या. आबांनी सुपातली टरफलं झटकली.

"ती चहा गाळती तवर बाप बोलत न्हाय. ते कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. सगळे म्हणत होते, एवढं लांब नको, काप."

"तेवढं तुजं हाय. बाकीचं शिकवलेलं हाय."

लेक उठून स्वयंपाकघरात गेली, मागोमाग मीही. आमच्या आबांना गोड बोलणं कधी जमलंच नाही. मला तर त्यांचा रागच आला. थोड्या वेळानं भिंत धरत धरत ते तिच्यामागं आत आले.

"पोरी, मी आख्खा जलम दुसऱ्यानं केलेली मशिनं नीट केली. माजं म्हणावं असं त्यात काय बी न्हवतं. तुला पयल्याच खेपंला घावलं, आन् रडतीस व्हय?"

"आणि बाकीचं?"

"घावंल की. कर आनखी चार-पाच. मला काय घाई न्हाय."

लेक डोळे पुसत हसली. मला मात्र भरून आलं, कारण आबांना परवाच पंच्याऐंशीवं लागलं.