मखमली पडद्याचा झगा

टूनगॅबी या आमच्या उपनगरातून सकाळच्या ट्रेनने जाताना समोर बसणारे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ महिनाभर एक हिरवा मखमली पडदा शिवत होते. त्यांना आपल्या पूर्वजांसारखा, प्राचीन केल्ट लोकांसारखा झगा करायचा होता. काठावरची गुंतागुंतीची वेल जुन्या स्वेटरच्या उसवलेल्या लोकरीची होती. दोरा तोडताना ते सुई दाढीत खोचून ठेवीत. काटा माझ्या अंगावर येई.

एके दिवशी त्यांनी झगा डब्यातच चढवला.

"शनिवारी केल्ट वेशातली मिरवणूक आहे. पडदा वाटला तर मुलगी सोबत चालणार नाही म्हणते. खरं सांग, मेट, दोस्त म्हणून."

"छान आहे," मी भिडेने पुटपुटलो.

"छान तर बायकोही म्हणाली. पडदा वाटतो का?"

"मानेमागे पडदा टांगायच्या हुकांची पट्टी तशीच राहिली आहे," मी चाचरत म्हणालो.

सारा डबा हसला. सर्वांत मोठ्याने ते स्वतः. "पूर्वजांच्या घरी पडदेच नव्हते, म्हणून त्यांची अब्रू वाचली!" असे म्हणून त्यांनी माझ्या हाती कात्री दिली आणि पाठ फिरवली. मी जपून पट्टी उसवली.

सोमवारी त्यांनी फोनवर मिरवणुकीचा फोटो दाखवला. झगा मुलीने पटकावला होता. शेजारी हे गृहस्थ इथल्या जुलैच्या ऐन हिवाळ्यात नुसत्या शर्टावर कुडकुडत चालले होते, आणि ऐट मात्र राजाची होती.